साडभाऊंच्या मापाची गादी

आमच्या म्हाताऱ्या कुत्रीसाठी गादी घ्यायची ठरली ती तिच्यावरच्या मायेपोटी, असं मी चारचौघांत सांगतो. ते खोटं आहे. माया होतीच, पण माया इतकी वर्षं होती आणि तेवढ्या वर्षांत मी तिला एक जुनी चादरसुद्धा कधी घडी घालून दिली नव्हती. अकोल्याच्या साडभाऊंची जिरवायची हे मनात आलं आणि आठवड्याच्या आत मी अमरावतीच्या बाजारात गाद्या दाबत फिरायला लागलो.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे दोन बहिणींचे नवरे एकमेकांना साडभाऊच म्हणतात. त्यातला 'भाऊ' कोणी घातला कोण जाणे. माणूस अंगानं भारी, आवाजानं त्याहून भारी. सासुरवाडीला पंगत बसली की पहिला पाट त्यांचा, कूलरसमोरची जागा त्यांची, आणि कोणत्याही विषयावरचा शेवटचा शब्दही त्यांचाच. मी धाकटा जावई. मला कूलरच्या मागची जागा.

तर दिवाळीनंतर त्यांनी अकोल्याला घर बांधून वास्तू केली. जेवणाला रोडग्यांचा बेत. आम्ही कुत्रीला सोबत नेलं होतं, कारण तिला घरी एकटं ठेवलं की ती शेजाऱ्यांच्या दारात जाऊन गळा काढते आणि मग शेजारी आमच्या दारात येऊन. ती साधी गावठी. रंग वांग्याच्या भरतासारखा, एका कानाचं टोक कुठल्याशा जुन्या भांडणात गेलेलं. लहानपणी बडनेऱ्याच्या स्टेशनाबाहेर मिळाली होती आणि तिच्या चालण्यात अजूनही गाडी चुकलेल्या माणसाची घाई होती. आताशा मागचे पाय साथ देत नव्हते, एवढंच.

साडभाऊंकडे लॅब्राडोर. त्याचं दिवाणखान्यात वेगळं बिऱ्हाड होतं: गोल बिछाना, भोवती गुबगुबीत काठ, वर मखमल, मखमलीवर हाडाचं चित्र. आमची म्हातारी घरात शिरली, तिनं ते पाहिलं आणि पुढचे दोन पाय त्यावर ठेवून हनुवटी टेकली. बास, एवढंच. मागचे पाय फरशीवरच होते.

तोपर्यंत मी अंगणात पंगतीला बसलो होतो. रोडगा खाल्ला नसेल त्याला सांगतो: गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला कणकेचा गोळा. कितीही तूप ओता, पहिला घास तोंडात गेला की माणूस काही काळ जगाशी बोलू शकत नाही. नेमक्या त्याच काळात आतून आवाज आला.

"साडभाऊ! अवो, इले उठवा बाप्पा इथून!"

सगळी पंगत दाराकडे पाहायला लागली. साडभाऊ दारात उभे, एका हातात आमच्या म्हातारीचा पट्टा.

"इले गादी कायले पाहिजे? पोतं टाका. पोत्याच्या जातीले पोतंच मानवते."

पंगत हसली. साधीसुधी नाही, द्रोणातलं वरण हिंदकळेपर्यंत हसली. त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या मेहुणीनं, लगेच त्या बिछान्याची खोळ काढून सगळ्यांदेखत बादलीत टाकली. मला फार चांगलं उत्तर सुचलं होतं. माझ्या तोंडात रोडगा होता. मी नुसतं "हूं" केलं, आणि ते "हूं" सगळ्यांना होकारासारखं वाटलं.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरपर्यंत मी गाडीत एकटाच बोलत होतो. एकाहून एक उत्तरं सुचत होती. बायको शाळेत शिकवते, त्यामुळे तिला अशा बडबडीची सवय आहे. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "हे तिथं बोलायचं होतं ना जी."

"तोंडात रोडगा होता."

"मग आता गिळला असंन तर गप बसा."

मी गप बसलो, पण तेवढ्यात मागच्या सीटवर म्हातारी कण्हली. वळून पाहिलं तर ती पुढच्या पायाचं कोपर चाटत होती. कोपरावरची कातडी गेली होती आणि आत लाल दिसत होतं. मला वाटलं, साडभाऊंनी ओढताना लागलं. दुसऱ्या दिवशी तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं ते या आशेनं की ते तसं लेखी देतील.

डॉक्टर म्हणाले, "ओढल्यानं नाही. ही झोपते कुठं?"

"फरशीवर."

"मग फरशीनंच झालंय. अंगावर मांस राहिलं नाही, हाड सरळ टेकतं. मलम लावा, पण फरशी सुटली नाही तर ते चिघळणार, आणि या वयात चिघळलेलं भरून यायचं नाही." मग गादी कशी पाहायची तेही सांगितलं. "आपलं कोपर दाबून पाहायचं. खालची जमीन लागली की ती गादी नाही घ्यायची. आणि फार उंच नको, तिला चढता आलं पाहिजे."

म्हणजे गुन्हेगार साडभाऊ नव्हते, मी होतो. एवढं कळल्यावर कुणीही शहाणा माणूस साडभाऊंना माफ करून टाकेल. मी मात्र त्यांच्यावर जास्तच चिडलो. त्यांनी ते पोत्याचं वाक्य म्हटलं नसतं तर मला फक्त वाईट वाटलं असतं, आता वाईटही वाटत होतं आणि लाजही. मी ठरवलं: म्हातारीला अशी गादी द्यायची की अकोल्याच्या मखमलीनं मान खाली घालावी.

पहिली चूक त्याच संध्याकाळी केली. राजकमल चौकाजवळच्या दुकानात जाऊन एकेका बिछान्यावर कोपर रोवून पाहिलं. दुकानदारानं विचारलं, "काका, कोणाले झोपाचं आहे, तुमाले?" मी उत्तर दिलं नाही, कारण माझी नजर पडली होती ती गोल बिछान्यावर. तसाच गुबगुबीत काठ, तशीच मखमल, पण साडभाऊंच्यापेक्षा एक माप मोठा. झालं. तो डोक्यावर घेऊन मी घरी आलो.

बायकोनं विचारलं, "हा हिच्यासाठी आणला का त्यांच्यासाठी?"

म्हातारीनं त्या बिछान्याला प्रदक्षिणा घातली, काठ हुंगला आणि त्याला टेकून फरशीवर आडवी झाली. तिचे मागचे पाय तो काठ ओलांडू शकत नव्हते. उचलून आत ठेवली तर गोल जागेत अंगाचं मुटकुळं करून झोपणं तिला जमेना. ती झोपते ती सरळ, पाय लांब, रेल्वेचं फाटक पडावं तशी. इतकी वर्षं एका घरात राहून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. अकोल्याच्या बिछान्याची लांबी-रुंदी मात्र मला तोंडपाठ होती.

म्हणून दुसऱ्यांदा टेप घेऊन बसलो. माप घेतलं ते ती बसलेली असताना, कारण टेप पाहून ती उठून उभी राहायची आणि आंघोळीची वेळ झाली असं समजून पलंगाखाली जायची. बसल्या मापावर फोमची चौकोनी गादी कापून आणली. ती झोपली तेव्हा डोकं, खांदे आणि अब्रू गादीवर, बाकीची म्हातारी खाली. शिवाय नव्या फोमला असा वास की तिनं दोनदा शिंकून घरच सोडलं आणि अंगणात मातीवर जाऊन पडली. कोपराला माती लागली, मलम वाया गेलं, आणि डॉक्टरांनी पट्टी बदलताना माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी मी छपरीत, म्हणजे आमच्या पुढच्या पडवीत, बसलो असताना माझ्यातला वऱ्हाडी जागा झाला. अरे, आपण राहतो कुठे? जिकडे पाहावं तिकडे पांढरं सोनं, आणि मी कुत्रीसाठी फोम कापत फिरतोय? अंजनगाव सुर्जीच्या चुलतभावाला फोन केला. पहिल्या वेचणीचा कापूस, सरकी काढून, नुसती रुई, भरगच्च पोतं भरून पाठव म्हटलं. त्यानं विचारलं, "घरात लग्न हाय का कोणाचं?" मी "तसंच समज" म्हटलं. इथूनच माझ्या जिभेला उतार लागला होता.

आमच्याकडे गादीवाला आता तीनचाकीवर पिंजण्याचं यंत्र घेऊन गल्लीत फिरतो. त्याला अंगणात बोलावलं. माणूस भलताच बोलका. यंत्र चालू असलं तरी त्याच्या वरताण बोलायचा, आणि जे बोलायचा त्यातलं निम्मं स्वतःच्या कौतुकाचं. आपण भरलेली एक गादी थेट नागपूरच्या बंगल्यात कशी गेली हे त्यानं मला यंत्र लावायच्या आधीच ऐकवलं होतं. पोत्यात हात घालून त्यानं रुई बाहेर काढली, बोटांत ताणून पाहिली आणि एकदम गंभीर झाला.

"भौ, असा माल आता पाहाले भेटत नाही. हे जावयाचं काम हाय. कोणासाठी भराची?"

इथं सांगायला पाहिजे की गादी भरताना आमच्याकडे हा प्रश्न विचारतातच. लेकराची भरायची तर मऊ आणि ढिली, म्हाताऱ्याची मध्यम, भारी माणसाची ठासून. झोपणारा कोण ते कळल्याशिवाय गादीवाला हात चालवत नाही. मला फक्त "कुत्रीसाठी" एवढाच शब्द म्हणायचा होता. पण तो माणूस त्या रुईकडे ज्या नजरेनं पाहत होता, त्यापुढे कुत्रीचं नाव काढायची माझी छाती झाली नाही. त्याच वेळी दुसरंही काहीतरी मनात आलं, आणि ते इतकं गोड होतं की मी ते आवरलंच नाही.

"जावयाचंच काम आहे," मी म्हणालो. "आमच्या साडभाऊंसाठी. अकोल्याचे."

"थोरले?"

"थोरले."

"अंगानं कसे?"

"बसले की खुर्ची ओरडते."

"कुशीवर झोपतात का उताणे?"

"उताणे. आणि घोरतात."

"घोरण्याचा इलाज गादीत नाही," तो म्हणाला आणि कामाला लागला.

काय सांगू तुम्हाला, काय आनंद झाला मला! प्रत्येक मुठीगणिक वाटायचं, ही घ्या साडभाऊ तुमची गादी, हिच्यावर आमची पोत्याची जात झोपणार. मी मोठमोठ्यानं सूचना देत होतो. "साडभाऊंच्या कमरेखाली जरा जास्त भरा! साडभाऊंच्या डोक्याकडे उतार नको!" लाल-पिवळ्या फुलांची खोळ निवडली, जावयाला शोभेल अशी. त्यानं रुई ठासली, काठीनं झोडली, दाभणानं टाके घातले. उरलेली रुई तशीच पोत्यात ठेवून म्हणाला, "दोन वर्षांनी गादी बसली की हे कामी येईन. फेकू नका." मी ते पोतं छपरीच्या कोपऱ्यात लोटून दिलं.

घरात आलो तर बायको स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी. ती खिडकी अंगणात उघडते. तिचे डोळे भरलेले.

"तुमच्या मनात असं होतं तर आधी कावून नाही सांगितलं?"

"कसं?"

"मी तुमाले इतके दिवस खुनशी समजून राहिली होती. आणि तुमी भाऊजींसाठी... त्यांची पाठ किती दुखून राहिली सध्या, ताई परवाच सांगत होती फोनवर. तुमाले कसं कळलं?"

मी काही बोललो नाही. या वेळी तोंडात रोडगा नव्हता, तरी नाही बोललो. बायको माझ्याकडे अशा नजरेनं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पाहायची. त्या दिवशी तिनं पाटवडीचा रस्सा केला. मी विचार केला, जेवण झाल्यावर सांगू. जेवण झालं तेव्हा ती फोनवर होती आणि अकोल्याला सगळं सांगून झालं होतं.

आता गादी कायद्यानं साडभाऊंची झाली होती. ते न्यायला येणार होते ते सवडीनं, एखाद्या रविवारी. पण बायको रोज सकाळी शाळेत जाते आणि मी निवृत्त आहे. ती फाटकाबाहेर गेली की मी गादीला ऊन देण्याच्या नावाखाली छपरीत अंथरायचो आणि म्हातारीला हाक मारायचो.

पहिल्या दिवशी ती घसरून पडली. गादी साडभाऊंच्या वजनाची होती, तिच्यावर एवढीशी कुत्री म्हणजे ढोलावर ठेवलेलं लिंबू. ती इकडून चढायची, तिकडून उतरायची. पण कापसाचं एक असतं, तो ऐकतो. म्हातारीनं रोज पंजांनी उकरलं, गोल फिरली, धपकन पडली, आणि हळूहळू मधोमध तिच्या अंगाचा लांबट खळगा तयार झाला. मी कोपर दाबून पाहिलं. जमीन लागली नाही.

मग एका सकाळी ती झोपली आणि उठलीच नाही. घाबरू नका, दुपारपर्यंत उठली नाही एवढंच. किती महिन्यांनी ती जागा न बदलता झोपली होती. झोपेत पाय हलत होते, बहुधा बडनेऱ्याची गाडी पकडत होती. कोपरावर खपली धरली. डॉक्टरांनी या वेळी माझ्याकडे पाहिलं. "कोणती गादी घेतली?" विचारलं. मी म्हटलं, "जावयाची." त्यांनी पुढे विचारलं नाही.

बायको यायच्या आत मी खोळ झटकायचो. पण पूर्ण नाही. पाच-पंचवीस केस मी मुद्दाम राहू द्यायचो.

साडभाऊ आले ते एका रविवारी, मेहुणीसह, गाडीच्या टपाला दोर बांधायची तयारी करून. कमरेत वाकलेले. आल्या आल्या त्यांनी गादीवर हात फिरवला, बसले, आणि आडवे झाले.

"साडभाऊ," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज चक्क लहान झाला होता, "आजवर मले लय लोकायनं लय काही देल्लं. पण माह्या मापाचं कोणी बनवलं नाही."

मला वाईट वाटलं. पण तेवढ्यात म्हातारी छपरीत आली, आपल्या जागेकडे पाहिलं आणि गादीच्या काठाशी उभी राहिली. साडभाऊंनी मान वळवली.

"हट! इले दूर करा बाप्पा. केस लागतीन गादीले."

माझं वाईट वाटणं जागच्या जागी थांबलं.

जेवून साडभाऊंनी पाठीला बाम चोळून घेतला, भरपूर, सगळ्या छपरीचे डोळे चुरचुरतील इतका, आणि त्याच गादीवर झोपले. ते म्हातारीच्या खळग्यात उताणे घोरत होते, त्यांच्या बनियनला मागून तिचे केस चिकटत होते, आणि मी समोर खुर्ची टाकून ते पाहत बसलो होतो. लोक एवढ्यासाठी सिनेमाला जातात. म्हातारी मात्र तिथेच उभी होती. बँकेत पुढच्या माणसानं खिडकी सोडायची कुणी वाट पाहावी तशी. उभं राहून पाय थरथरायला लागले तेव्हा ती तिथेच बसली. फरशीवर. कोपर टेकून.

तिथे माझा सिनेमा संपला. ती गादी अकोल्याला गेली तर सूड माझा होणार होता आणि फरशी तिची.

चहा झाला. मेहुणी आणि बायको मिळून गादी गुंडाळायला लागल्या. मी म्हणालो, "थांबा."

सगळे थांबले.

"ही गादी कुत्रीची आहे. मी हिच्यासाठीच भरली. रोज हीच झोपते हिच्यावर. तुम्ही आता झोपलात तो खड्डा हिचा आहे."

हे वाक्य मी मूर्तिजापूरपासून शोधत होतो. त्याच्यानंतर काय होईल ते मी कितीतरी वेळा मनात पाहिलं होतं. साडभाऊ लाल होतात, काळे होतात, बनियन काढून फेकतात. प्रत्यक्षात ते माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहायला लागले.

"साडभाऊ, देणं जिवावर आलं असंन तर सरळ सांगा ना जी. त्या मुक्या जनावराचं नाव कावून घेता?"

"खरं सांगतोय मी!"

"गादीवाल्यापाशी माहं माप सांगितलं का नाही तुमी? हिनंच ऐकलं." त्यांनी माझ्या बायकोकडे बोट दाखवलं. "कुत्री काय उताणी झोपते? घोरते?"

बायको माझ्याकडे पाहत होती. पाटवडीच्या रश्श्याचं वर्ष संपलं होतं.

"टाका खाली गादी," मी ओरडलो. "टाका! ती स्वतःच येऊन झोपेल. मग बघा."

गादी पुन्हा अंथरली. शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. मी म्हातारीला हाक मारली, अशी की तिनं माझ्यासाठी जन्मात एक गोष्ट करावी. ती उठली. लंगडत गादीपाशी आली. खळग्यात नाक घातलं, तिथे बाम होता. ती जोरात शिंकली, एकदा, पुन्हा एकदा. मग गादीला वळसा घालून, साडभाऊंच्या पायांजवळून, माझ्याकडे न पाहता ती छपरीच्या कोपऱ्यात गेली. तिथे उरलेल्या रुईचं ते पोतं लोळत पडलं होतं. तिनं त्याला पंजा मारला, ते चपटं झालं. ती त्याच्यावर आडवी झाली, पाय लांब केले आणि सुस्कारा टाकला.

मग साडभाऊ बोलले.

"म्या काय म्हटलं होतं?"

म्हटलं काय होतं ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुंपणापलीकडच्या काकूंना नव्हतं, त्यांना मेहुणीनं सांगितलं.

गादी टपावर गेली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा बायको म्हणाली, "दिली हे चांगलं केलं. कावून भरली ते सांगितलं, तिथं घाण केली." आणि आत जाऊन तिनं तुरीच्या डाळीचं नुसतं पाणी चढवलं.

मी पोत्याजवळ जाऊन बसलो. म्हातारी हलली नाही. तिच्या शेजारी पोत्यावर मी माझं कोपर दाबलं. जमीन लागली नाही. रुई ढिली होती, ठासलेली नव्हती, त्यामुळे जिकडे ती वळेल तिकडे पोतं वळत होतं. काठ नव्हता, वास नव्हता, चढायला उंची नव्हती. मी दोन बाजूंनी ते शिवून घेतलं आणि आतल्या खोलीत, तिच्या भिंतीशी टाकलं. आजही ती तिथेच झोपते. कोपर पूर्ण बरं झालं, वर केसही आले. म्हणजे साडभाऊंचंच खरं ठरलं, आणि हे मी कुणापाशी कबूल करत नव्हतो.

संक्रांतीला बायकोनं अकोल्याला फोन लावला, तिळगुळाचं बोलणं झालं आणि तिनं फोन माझ्या हातात दिला. "भाऊजी तुमाले मागून राहिले. नीट बोला."

"साडभाऊ," पलीकडून आवाज आला, थकलेला. "गादी लय मस्त आहे जी. पण एक लफडं झालं."

"काय झालं?"

"आमचा कुत्रा. त्याचा तो मखमलीचा बिछाना पाह्यला ना तुमी? त्याच्याकडे आता ढुंकून पाहत नाही. गादी आणली त्या दिवशी त्यानं ती हुंगली, हुंगली, मधात जाऊन जो पसरला तो पसरलाच. उठवाले गेलं तर गुरगुरते. आमच्यावर! गादीत असं काय आहे कोणाले मालूम. पंधरवडा झाला, मी खाली सतरंजीवर झोपून राहिलो. पाठीचं पार वाटोळं झालं."

मी म्हातारीकडे पाहिलं. ती पोत्यावर झोपली होती, अर्धा कान वर करून. तिनं काय काम करून ठेवलं होतं हे तिला कळलं असेल असं मला मनापासून वाटतं. माझ्या तोंडात तिळाची वडी होती. ती मी आधी नीट चावली. गिळली. वर पाणी प्यायलो. साडभाऊ तोवर "हॅलो, हॅलो" करत होते.

"साडभाऊ," मी म्हणालो, "पोतं टाका."

"त्याले टाकून पाह्यलं. नाही जात तो पोत्यावर."

"त्याले नाही. तुमाले."

पलीकडे शांतता पसरली. बायकोनं कपाळाला हात लावला. इतक्या महिन्यांची वाट पाहिल्यावर ती शांतता मी कानाशी धरून बसलो. मग साडभाऊंनी घसा खाकरला, आणि अगदी खरोखरीच्या काळजीनं विचारलं,

"पोत्यात रुई कशी भराची म्हणता? ढिली का ठासून?"

राग नाही, काही नाही. माझा सगळा वार त्या माणसाच्या अंगावरून पाण्यासारखा ओघळून गेला होता. मी म्हातारीच्या पोत्याकडे पाहिलं, त्यातली ढिली, ऐकणारी रुई आठवली. गादीचं काही असो, पोत्याचं खरं उत्तर मला माहीत होतं.

"ठासून," मी म्हणालो. "दगडासारखं होऊ द्या."